पहिल्या चढाची धाप

आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट धरली की पाच-दहा मिनिटांतच एखादा नवखा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. "माझ्यात दमच नाही," म्हणतो. काही जण तिथूनच मागे फिरतात, आणि मला फार वाईट वाटतं. कारण निरोगी माणसाच्या शरीरात त्या वेळी सगळं जसं व्हायला हवं तसंच होत असतं.

स्नायूंना लागणाऱ्या एटीपीचा, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, तयार साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूंतला राखीव साठा आणखी काही सेकंद निभावून नेतो. मग ग्लुकोज प्राणवायूशिवायच फोडून वेळ मारून नेली जाते. प्राणवायूवर चालणारी टिकाऊ व्यवस्था अंगात भिनायला दोन-तीन मिनिटं लागतात, खड्या चढाला त्याहून जास्त. तोवर हृदयाची लगबग सुरू होते. बसलेलो असताना ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं, दमछाक करणाऱ्या चढावर १५ ते २० लिटर. पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं, म्हणून भरल्या पोटी चढणं जड जातं.

आणि धाप? प्राणवायू कमी पडला म्हणून ती लागते, असं आपण धरून चालतो. पण धमन्यांतल्या रक्तात तो तेव्हाही जवळपास पहिल्याइतकाच असतो. श्वास वाढवायला मेंदूला भाग पाडतात ते हलत्या पायांकडून येणारे संदेश आणि बाहेर टाकायचा कार्बन डायऑक्साइड. म्हणून खाली बसू नका, चाल निम्मी करा. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

ग्लुकोज असं प्राणवायूशिवाय फोडताना तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लावरही उगाच आळ येतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो मायरहॉफ यांना स्नायूंतल्या याच आम्लावरच्या कामासाठी १९२२चं नोबेल मिळालं. पुढे ते थकव्याचं विष ठरलं. प्रत्यक्षात आपलं हृदय लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं शरीरातलं रूप, इंधन म्हणून वापरतं, आणि विसावल्यावर तासाभरात रक्तातली त्याची पातळी बहुतेक पूर्ववत होते. मग दुसऱ्या दिवशी मांड्या का भरून येतात? गड उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी घरचा जिना कसाबसा चढता येतो, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो.