कंबर धरली ती फक्त खुर्चीमुळे?

मार्च २०२० च्या मध्यात मुंबईतली कॉलेजं बंद झाली आणि आठवडाभरात लोकलही. तास झूम आणि गूगल मीटवर गेले. कॉलेजांची दारं पुन्हा उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधल्या काळात विद्यार्थी काय, प्राध्यापक काय, कंबर धरल्याची तक्रार घरोघरी सुरू झाली आणि खापर फुटलं खुर्चीवर.

हा संशय जुना आहे. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी दोन मणक्यांमधली चकती (गादी) सरकली की नस दाबली जाते, हे मांडलं. मग जो तो ‘गादी सरकली’ म्हणू लागला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी चकतीत सुई घालून दाब मोजला. उभ्यापेक्षा बसलेल्या माणसात तो जास्त भरला. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजला, तर सैल बसल्यावर उभ्यापेक्षा किंचित कमीच! (मोजला मात्र एकाच माणसात.) आज डॉक्टर सांगतात की बहुतेक कंबरदुखीला एकच नेमकं कारण सापडत नाही, हालचाल, झोप, मनावरचा ताण, सगळंच त्यात येतं.

मुंबईत हे सगळं एकदम बिघडलं. दहा बाय दहाच्या खोलीत टेबल एकच, तेही वडिलांच्या ऑफिसच्या कामाला. मुलगी दिवाणावर मांडी घालून, डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर मान वाकवून चार-चार तास. एरवी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या मारणारे सर इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बंद कॅमेऱ्यांना शिकवत होते. स्टेशनपर्यंतची चाल, पुलाचे जिने, तासागणिक बदलणारे मजले, सगळं बंद. लोकलच्या गर्दीला आपण जन्मभर शिव्या घातल्या, पण दिवसाची निम्मी चाल तिच्यामुळेच व्हायची, असं माझं मत.

त्यात परीक्षांचा घोळ. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २८ ऑगस्ट २०२० ला. तोवर मुलं टांगणीला. पुढे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या आणि ते प्रश्न काढायला प्राध्यापक पुन्हा स्क्रीनपुढे.

उपायही जुनाच आठवला: पट्टा बांधा, पडून राहा. वास्तविक १९८६ मध्येच अमेरिकी डॉक्टर डेयो यांच्या अभ्यासात सात दिवसांच्या विश्रांतीचा दोन दिवसांपेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर ‘चाला’ म्हणत होते, पण कित्येक सोसायट्यांनी बागेला आणि गच्चीलाही कुलूप लावलं होतं.