पॉल मॅकग्रा : न धावणारा बचावपटू

१९९३ मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मतांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ज्याची निवड केली, तो अ‍ॅस्टन व्हिलाचा ३३ वर्षांचा बचावपटू आठवडाभर सहकाऱ्यांबरोबर सराव करत नसे. त्याच्या गुडघ्यांना तो ताण सोसवतच नव्हता. पॉल मॅकग्रा हे त्याचे नाव. (आडनावाच्या शेवटचा ‘थ’ उच्चारायचा नसतो, हे ग्लेन मॅकग्रामुळे आपल्या क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहेच.) दर शनिवारी ज्यांना त्याला चुकवून पुढे जायचे असे, त्या प्रतिस्पर्ध्यांचीही मते या निवडीत होती. असा गौरव वाट्याला कसा आला, हे समजून घ्यायचे तर डब्लिनपर्यंत मागे जावे लागते.

मॅकग्राचा जन्म ४ डिसेंबर १९५९ रोजी लंडनमध्ये झाला. आई आयरिश, वडील नायजेरियन आणि दोघे अविवाहित. त्या काळच्या कॅथलिक आयर्लंडमध्ये घरच्यांना तोंड दाखवता येणार नाही या भीतीने आई बाळंतपणासाठी लंडनला गेली होती. अवघ्या काही आठवड्यांचे ते मूल दुसऱ्यांच्या हाती सोपवले गेले आणि त्याचे बालपण डब्लिन परिसरातील अनाथाश्रमांत गेले. जवळजवळ सर्व गोऱ्या असलेल्या त्या शहरात सावळ्या मुलाला काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

व्यावसायिक फुटबॉलकडे तो उशिरा वळला. स्थानिक डॉकी युनायटेडकडून खेळत असताना तो पत्रेकामाची उमेदवारी आणि पहारेकऱ्याची नोकरीही करत होता. यात जगावेगळे काही नव्हते. आयर्लंडच्या लीगमध्ये पूर्ण वेळ खेळून पोट भरत नसे, आणि देशातील मैदानी गुणवत्तेचा मोठा हिस्सा गेलिक खेळांकडे, म्हणजे आयर्लंडच्या स्वतःच्या पारंपरिक खेळांकडे, जात असे. गेलिक क्रीडा संघटनेने तर आपल्या खेळाडूंना फुटबॉलसारखे ‘परकीय’ खेळ खेळायला बंदी घातली होती व ती थेट १९७१ मध्ये उठली. ज्याला फुटबॉलवरच जगायचे होते, त्याच्यापुढे इंग्लंडला जाणारी बोट हा जवळपास एकच मार्ग उरे. १९८१ मध्ये डब्लिनच्या इंचिकोर भागातील सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिक संघाने मॅकग्राला घेतले, एका हंगामात तो तिथल्या प्रेक्षकांचा ‘इंचिकोरचा काळा मोती’ झाला आणि १९८२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ३०,००० पौंड मोजून त्याला नेले. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्या वयापर्यंत इंग्लिश मुलांची क्लबच्या शिस्तीत निम्मी कारकीर्द घडून गेलेली असते.

युनायटेडमधील त्याच्या दिवसांचा सारांश १९८५ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात सापडतो. एव्हर्टनविरुद्ध गोलफलक कोरा असताना मॅकग्राचा एक पास चुकला, एव्हर्टनचा पीटर रीड चेंडू घेऊन गोलकडे निघाला, आणि मॅकग्राचा आयरिश जोडीदार केव्हिन मोरन याने त्याला पाडले. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मैदानाबाहेर काढला गेलेला मोरन हा पहिला खेळाडू. (हाच मोरन १९७६ आणि १९७७ मध्ये डब्लिनच्या गेलिक फुटबॉल संघाकडून अखिल आयर्लंड विजेता ठरला होता, बंदी उठल्याचा अर्थ एका माणसात दिसावा असे हे उदाहरण.) आघाडीचा फ्रँक स्टेपलटन मॅकग्राशेजारी बचावाला आला, उरलेल्या दहा जणांनी एव्हर्टनला थोपवून धरले आणि जादा वेळेत नॉर्मन व्हाइटसाइडने विजयी गोल केला. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली असताना मॅकग्रा त्या उरलेल्या वेळात ज्या थंड डोक्याने खेळला, त्यातच पुढच्या बचावपटूची चाहूल होती.

१९८६ च्या अखेरीस अ‍ॅलेक्स फर्ग्युसन व्यवस्थापक झाले. त्यांना क्लबमधील मद्यपानाची संस्कृती मोडायची होती आणि मॅकग्रा त्या संस्कृतीच्या केंद्रस्थानी होता. व्यसन खरे होते, गुडघे निकामी होत चालले होते. क्लबने त्याच्यापुढे एक लाख पौंड घेऊन निवृत्त होण्याचा प्रस्ताव ठेवला, तो त्याने नाकारला. १९८९ च्या उन्हाळ्यात व्हिलाचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी सुमारे चार लाख पौंडांना त्याला व्हिलामध्ये आणले. फर्ग्युसन यांचा निर्णय शिस्तीच्या दृष्टीने समर्थनीय होता. खेळाडूच्या मोलाचा त्यांचा अंदाज मात्र साफ चुकला.

व्हिलामध्ये फिजिओ जिम वॉकर यांनी सराव जवळपास बंद करून टाकला. व्यायामाची सायकल, गुडघ्यांची निगा आणि शनिवारचा सामना एवढाच त्याचा आठवडा. कारकिर्दीत गुडघ्यांवर आठ शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला धावण्याची शर्यत परवडणारी नव्हती, म्हणून त्याने ती टाळायची कला साधली. पास कुठे जाणार हे मारणाऱ्याच्या खांद्यावरून ओळखायचे, दोन पावले आधी निघायचे आणि चेंडू येईल तिथे आपण आधीच उभे असायचे. घसरत जाऊन टॅकल करायची वेळ आली म्हणजे जागा चुकली, असा हा हिशेब. व्हिलाचे प्रेक्षक त्याला सरळ ‘देव’ म्हणत. प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात, १९९२-९३ मध्ये, संघ दुसरा आला. १९९४ आणि १९९६ मध्ये लीग चषक जिंकला, त्यांपैकी पहिला मँचेस्टर युनायटेडला ३-१ असे हरवून.

राष्ट्रीय संघातील त्याची वाटचाल इटलीविरुद्धच्या तीन सामन्यांतून मोजता येते. पदार्पण फेब्रुवारी १९८५ मध्ये डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर, बदली खेळाडू म्हणून, तेव्हाच्या विश्वविजेत्यांविरुद्ध. गर्दी इतकी की प्रेक्षक थेट सीमारेषेपाशी येऊन बसले होते. १९८६ पासून आयर्लंडचे व्यवस्थापक जॅक चार्ल्टन यांनी त्याला बहुधा मधल्या फळीत खेळवले, कारण मागे मोरन आणि मिक मॅकार्थी होते. आयर्लंडच्या पहिल्याच विश्वचषकात, १९९० मध्ये, रोमच्या उपांत्यपूर्व सामन्यात इटलीने १-० असे हरवले.

तिसरा सामना १८ जून १९९४ चा, पुढच्या विश्वचषकातला, अमेरिकेत न्यू जर्सीच्या उन्हात. अकराव्या मिनिटाला रे हॉटनने गोल केला, आणि उरलेल्या वेळात इटलीचे बहुतेक हल्ले ३४ वर्षांच्या मॅकग्रापाशी येऊन संपले. विषाणुसंसर्गामुळे त्याचा डावा हात धड वर उचलला जात नव्हता. एकापाठोपाठ एक फटके त्याने अंगावर घेतले, एक तर तोंडावर, आणि समोर इटलीचा आघाडीचा खेळाडू रॉबर्टो बॅजिओ होता. निकाल १-०. हाच इटली पुढे अंतिम फेरीत गेला.

मॅकग्रा आयर्लंडकडून एकूण ८३ सामने खेळला. काही सामने दारूमुळे हुकले, हे त्याने स्वतःच २००६ च्या आत्मचरित्रात लपवले नाही. १९९६ मध्ये तो डर्बी काउंटीकडे गेला, तिथून शेफील्ड युनायटेडकडे, आणि १९९८ मध्ये गुडघ्यांनी खेळ कायमचा थांबवला. मँचेस्टर युनायटेडने निवृत्तीचा प्रस्ताव ठेवला होता, त्याला तेव्हा जवळजवळ नऊ वर्षे झाली होती.