जीन्सचा निळा विटतो, मायांचा का विटत नाही?

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास येतात: 2012 साली न झालेला जगबुडीचा सोहळा आणि पालेंके या माया नगरीच्या पाकाल राजाच्या शवपेटीवरच्या कोरीव चित्रात काहींना दिसणारा 'अंतराळवीर'. पहिलीबद्दल एवढेच सांगतो की, याच पाकालच्या समाधिमंदिरातल्या लेखात इसवी सन 4772 मधली तारीख कोरलेली आहे. जग 2012 मध्ये आटोपणार असते, तर दरबारी लेखनिकाने एवढा पुढचा हिशेब कशाला मांडला असता? अंतराळवीराला मी वेळ देत नाही. चमत्कारच पाहायचा तर बोनाम्पाकला जावे.

मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या या ठिकाणी इसवी सन 790 च्या सुमारास तीन खोल्या आतून रंगवल्या गेल्या. पांढरी उपरणी घेतलेले सरदार, कर्णे फुंकणारे, नाचणारे, रक्ताळलेल्या बोटांचे कैदी, असा सगळा दरबारच भिंतीवर आहे. बाहेरच्या जगाला तो 1946 मध्ये दिसला. भिंतीवर साचलेल्या चुन्याच्या पापुद्र्याने चित्रे बरीच सांभाळली, हे खरे. पण त्यातला निळा रंग मुळातच चिवट आहे.

गंमत अशी की त्यातला रंगद्रव्याचा रेणू आपल्या जीन्समधलाच, म्हणजे नीळ. (पांढऱ्या कपड्यांना देतो ती नीळ वेगळी.) धाग्यावर बसलेला हा रेणू उन्हात मोडतो आणि पँट विटते. मायांनी तो एका पांढऱ्या मातीत मिसळून तापवला. मेक्सिकोच्या युकातान भागात तिला 'साक लुऊम', म्हणजे 'पांढरी माती' म्हणतात. खनिजाचे नाव पॅलिगोर्स्काइट. कुंभाराच्या मातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, हिचे मात्र तंतू असतात. त्या तंतूंमधून लांबलचक बोगदे जातात, रुंदीला जेमतेम अर्धा नॅनोमीटर. बोगद्यांत पाणी भरलेले असते. तापमान शंभर अंशांपलीकडे गेले की सैल पाणी निघून जाते आणि निळीचा चपटा रेणू रिकाम्या जागेत शिरतो. मातीच्या सांगाड्याला घट्ट चिकटलेले थोडे पाणी मागे उरते. त्याच्याशी निळीच्या ऑक्सिजनचे हायड्रोजन बंध जुळतात. झाले, रेणू अडकला. आता त्यावर संहत नायट्रिक आम्ल ओतले तरी रंग जात नाही. रेणू बोगद्यात खोल जातो की बुचासारखा तोंडाशीच बसतो, यावर रसायनशास्त्रज्ञ अजून भांडतात. तापवताना काही निळीचे ऑक्सिडीकरण होऊन डीहायड्रोइंडिगो, म्हणजे निळीचेच बदललेले रूप, बनते. रंगातली हिरवट झाक त्याचीच, असे काहींचे म्हणणे आहे.

मग हा रंग जातच नाही? जातो, पण वेगळ्या रीतीने. युकातानमधल्या चिचेन इत्सा या माया नगरीच्या पवित्र विहिरीत निळ्या रंगाने माखलेल्या वस्तू आणि माणसे बळी म्हणून टाकत. 1904 मध्ये तिचा तळ उपसायला घेतला, तेव्हा तिथे सुमारे 14 फूट जाडीचा निळा गाळ लागला. रेणूने मातीची साथ सोडली नव्हती. माती मात्र भांड्यांवरून आणि अंगांवरून धुऊन खाली बसली होती.