शासकीय पोर्टल लाइव्ह करण्याआधी : सुरक्षा ऑडिटची तयारी

नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा राज्य शासनाच्या विभागांसाठी पोर्टल बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या पॅनेलवरील संस्थेकडून सुरक्षा ऑडिट झाल्याशिवाय शासकीय पोर्टल लाइव्ह करू नये, असा नियम आहे. पॅनेलची मुदत संपते, म्हणून वर्क ऑर्डर देण्याआधी संस्थेचं नाव सर्ट-इनच्या चालू यादीत पाहून घ्या.

ऑडिटरला टेस्ट सर्व्हर द्या आणि प्रत्येक भूमिकेची दोन-दोन लॉगिन द्या : दोन नागरिक, दोन लिपिक, दोन मंजुरी अधिकारी. एकेकच दिलं तर सर्वांत घातक दोष निसटतो. समजा, एका नागरिकाने आपला दाखला उघडला, ॲड्रेस बारमधला अर्ज क्रमांक १०४२ खोडून १०४३ केला आणि दुसऱ्याच कुणाचा दाखला पत्त्यासकट समोर आला. इथे लॉगिन तपासलं गेलं, पण हा अर्ज याच माणसाचा आहे का, हे सर्व्हरने पाहिलंच नाही. लिंक लपवून हे सुटत नाही. दर वेळी सर्व्हरनेच अर्जदार पडताळायला हवा.

बाकी दोष नेहमीचेच. फाइल अपलोड करताना ‘फक्त पीडीएफ’ ही अट ब्राउझरपुरतीच असते, सर्व्हर ती तपासत नाही; ओटीपी किती वेळा मागावा याला मर्यादा नसते, जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररीची जुनी आवृत्ती तशीच राहिलेली असते. हे आधीच दुरुस्त करा, म्हणजे फेरतपासणीचा एखादा फेरा वाचतो.

प्रमाणपत्र तपासलेल्या कोडपुरतंच असतं; त्यावर त्या कोडची हॅश व्हॅल्यू (कोडवरून काढलेला, कोड जरा बदलला तरी बदलणारा ठसा) छापलेली असते. ऑडिटनंतर ‘फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा’ असा निरोप आला आणि तुम्ही तो वाढवलात, की हॅश जुळत नाही. त्यामुळे ऑडिटला देण्याआधी फॉर्मचा मसुदा विभागाकडून सहीनिशी घ्या. आमच्या मते कामातला सर्वाधिक वेळ इथेच वाचतो.

लाइव्ह झाल्यावर सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू राहतात. लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं आणि काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस भारतातच ठेवायचे आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची. घड्याळ चार मिनिटं मागे असेल, तर कोण कधी आत शिरलं याचा दोन सर्व्हरच्या लॉगवरून मेळ बसत नाही. नोंदवण्याजोगा सायबर प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवावा लागतो. हे ६ तास सुट्टीच्या दिवशीही मोजले जातात, म्हणून कळवणाऱ्याचं आणि त्याच्या बदली माणसाचं नाव करारातच लिहून घ्या.