दोघी मिळून १० अंडी आणि पिल्लू एकही नाही

ऐरोलीला आमच्या शेजारच्या काकूंकडे लव्हबर्डची जोडी आहे, हिरवीगार, तोंड गुलाबी, मूळची नामिबिया-अंगोलाकडची जात. दिवाळीनंतर मटक्यात १० अंडी पडली, दोघं अगदी मन लावून बसायची, पण महिना उलटला तरी एकही फुटेना (एरवी २३ दिवसांच्या आसपास पिल्लू बाहेर येतं). दुकानदाराने "शंभर टक्के जोडी" म्हणून दिलेली, त्यामुळे काकूंनी नजर लागली असं समजून पिंजऱ्याला लिंबू-मिरची बांधली. मी अंड्यांना मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर सगळी आतून स्वच्छ पिवळी, एकातही लाल शीर नाही, म्हणजे आत पिल्लू धरलंच नव्हतं. एक मादी एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी घालते, १० म्हटल्यावर सरळ आहे, दोन्ही माद्या.

काकूंना पटेना, कारण दोघी एकमेकींना भरवतात, चोचीत चोच घालतात. पण दोन माद्या एकत्र ठेवल्या तरी हे सगळं करतात! या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. दोऱ्याला अंगठी बांधून पक्ष्यावर धरायची आणि ती गोल फिरली की मादी, असंही लोक करतात, ते साफ खोटं आहे, अंगठी आपल्याच हाताच्या थरथरीने फिरते. त्यातल्या त्यात एक खूण बरी. काकूंच्या दोघी पेपरच्या कडेला चोचीने टकटक भोकं पाडत लांब पट्टी काढतात आणि ती शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून मटक्यात नेतात, हे काम मुख्यतः मादीचं. पण नरही कधीकधी खोचायला बघतात, त्यामुळे खात्री नाही.

खात्री फक्त क्रोमोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांत. माणसात बाई एक्स-एक्स आणि पुरुष एक्स-वाय, म्हणजे मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं (तरी मुलगी झाली की बोल बाईलाच लावतात, याचा मला फार राग येतो). पक्ष्यांत बरोब्बर उलटं, नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू, म्हणजे ठरवणार आईचं अंडं. आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, जरा सावकाश वाचा. या जातीत ल्युटिनो म्हणजे पिवळ्या रंगाचा, लाल डोळ्यांचा पक्षी असतो, आणि तो रंग आणणारा बदललेला जीन झेडवर बसलेला असतो. नर ल्युटिनो आणि मादी साधी हिरवी अशी जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला बापाकडून ल्युटिनोवाला झेड मिळणारच. मुलाला आईकडून हिरवा झेड मिळतो, तो ल्युटिनोला दाबतो, म्हणून सगळे मुलगे हिरवे. मुलीला आईकडून मिळतो डब्ल्यू, त्यावर हा जीनच नाही, दाबणार कोण? म्हणून सगळ्या मुली पिवळ्या. नर हिरवा आणि मादी ल्युटिनो अशी उलटी जोडी लावली तर हे जमत नाही, का ते कागदावर मांडून बघा, मजा येते. आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या टांझानियाच्या फिशर लव्हबर्डला हा नियम लावू नका, त्यांच्यात ल्युटिनोचा जीन झेडवर नसतोच.

बाकी पक्ष्यांसाठी डीएनए टेस्ट. मुळासकट उपटलेली २-४ पिसं लॅबला पाठवायची. सीएचडी नावाचा जीन झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर असतो पण त्यातल्या एका तुकड्याची लांबी वेगवेगळी, त्यामुळे पीसीआर केल्यावर (म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून लांबीप्रमाणे वेगळ्या केल्यावर) नराची एकच पट्टी दिसते, मादीच्या दोन. आफ्रिकेच्याच शहामृगात मात्र ही युक्ती चालत नाही, त्याचे झेड आणि डब्ल्यू अजून जवळजवळ सारखेच आहेत.

काकूंचा रिपोर्ट आला, दोन्ही माद्या. मग एकीला वेगळा पिंजरा केला आणि दुसरीला टेस्ट केलेला ल्युटिनो नर आणला. परवा मटक्यात डोकावलो तर दोन पिल्लं, डोळे मिटलेले, पण पातळ कातडीतून एकाचे काळे दिसत होते आणि एकाचे लाल. काकूंना म्हटलं, एक मुलगा, एक मुलगी.