‘महागाई घटली’ म्हणजे भाव उतरले असं नाही

निवडणुकीचं वर्ष आलं की एक वाद हमखास ऐकू येतो. सत्तेतला माणूस म्हणतो, महागाई घटली, सरकारी आकडे बघा. समोरचा म्हणतो, आकडे खोटे, बाजारात जाऊन बघा. बहुतेक वेळा आकडाही खरा असतो आणि बाजारातला अनुभवही. दोघं बोलतात दोन वेगळ्या गोष्टींबद्दल, शब्द मात्र एकच वापरतात. गेली कित्येक वर्षं हे ऐकतोय, आणि दर वेळी तळमळ होते, कारण गोष्ट पाच मिनिटांत समजण्यासारखी आहे.

खोट आपल्या शब्दातच आहे. ‘महागाई’ म्हणजे आपल्या बोलण्यात वस्तू महाग असण्याची अवस्था. तिच्या उलट ‘स्वस्ताई’. म्हणून ‘महागाई घटली’ म्हटलं की मराठी कानाला ‘थोडी स्वस्ताई आली’ असंच ऐकू येतं, आणि त्यात कानाची काही चूक नाही. दर महिन्याला जाहीर होणारा टक्का मात्र महागपणाचा नसतो. भाव वर्षभरात किती वाढले, हे तो सांगतो. पाठ्यपुस्तकांतले ‘चलनवाढ’, ‘भाववाढ’ हे शब्द रुक्ष असतील, पण त्यांत ‘वाढ’ तरी उघड दिसते.

भाव म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. निर्देशांक म्हणजे कितीतरी वस्तूंच्या भावांची, ज्या वस्तूवर खर्च जास्त तिला वजन जास्त देऊन काढलेली एकत्रित पातळी. तिथे कुणी अडखळत नाही. अडखळतात ते दराशी, म्हणजे ही पातळी वर्षभरात किती टक्के वाढली त्या आकड्याशी.

जुलै २०२४ घ्या. लोकसभेचा निकाल लागून गेला होता, महाराष्ट्राची विधानसभा तोंडावर होती. १२ ऑगस्टला किरकोळ महागाईचा, म्हणजे ग्राहक मोजतो त्या भावांच्या वाढीचा, आकडा आला: ३.५४ टक्के, ५९ महिन्यांतला नीचांक. जूनमध्ये तो ५.०८ होता. आता त्याच वेळचा निर्देशांक पाहा, २०१२ साल म्हणजे १०० धरून काढलेला. जूनमध्ये १९०.२, जुलैमध्ये १९२.९. म्हणजे ज्या महिन्यात दर जवळजवळ पाच वर्षांच्या तळाला गेला, त्याच एका महिन्यात भाव १.४ टक्क्यांनी चढले. त्या महिन्यात भाजी घेऊन आलेल्या माणसाला ‘महागाई घटली’ ऐकवलं तर तो चिडणारच.

मग दर पडला कसा? कारण हा दर मागच्या महिन्याशी तुलना करून काढत नाहीत, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो आणि एकूणच भाज्या भडकल्या होत्या. निर्देशांक वर्षभरात १७३.४ वरून १८६.३ वर गेला होता, दर ७.४४ टक्के. पुढच्या वर्षीची तुलना या चढ्या आकड्याशी झाली, म्हणून वाढ छोटी दिसली. याला बेस इफेक्ट म्हणतात. दोन्ही वर्षं एकत्र धरा: १७३.४ वरून १९२.९, म्हणजे सव्वाअकरा टक्के. घर चालवणाऱ्याच्या डोक्यात हे सव्वाअकरा असतात. व्यासपीठावरून ३.५४ सांगितले जातात.

‘महागाई ओसरली’ हा मथळा तर मला अजिबात सहन होत नाही. पूर ओसरतो तेव्हा पाणी खाली जातं. इथे पाणी चढतच असतं, फक्त सावकाश. दर शून्याच्या खाली जाईल तेव्हाच खुशाल ‘ओसरली’ म्हणा.

ब्रिटनमध्येही हेच झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला दर ११.१ टक्के होता. २२ मे २०२४ ला, एप्रिलचा दर २.३ टक्के जाहीर झाला त्याच दिवशी, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ४ जुलैच्या निवडणुकीची घोषणा केली. ते हरले. त्याची कारणं अनेक होती, पण दर उतरला म्हणून आधीची वाढ काही भावांतून निघून गेली नव्हती. लोक ती रोज मोजतच होते.

विरोधकांनाही मी मोकळं सोडणार नाही. त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे आणि आजचे भाव शेजारी शेजारी लावलेला फलक. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टच वर्षाला ४ टक्के भाववाढीचं आहे. ते दहा वर्षं तंतोतंत पाळलं तरी भाव ४८ टक्क्यांनी वर जातात. म्हणजे असा फलक कुठल्याही सरकारविरुद्ध लावता येतो. त्याला अर्थ येतो तो तिसरा रकाना जोडल्यावर: त्याच दहा वर्षांत मजुरी आणि पगार किती वाढले. खरं भांडण तिथे व्हायला हवं, आणि नेमका तोच रकाना दोन्ही बाजू गाळतात. ‘भाव पूर्वीसारखे करू’ हे आश्वासनही तसंच पोकळ. एखाददुसऱ्या वस्तूचा भाव पडतो. सगळेच भाव पडू लागले तर धंदे आणि पगारही त्यांच्याबरोबर घसरतात, जपानने हे बरीच वर्षं भोगलं.

बाकीचे गोंधळ छोटे. घाऊक दर वेगळा, किरकोळ वेगळा. २०२३ च्या मध्यावर घाऊक शून्याखाली असताना किरकोळ चांगलाच वर होता, तेव्हा कुठला सांगताय ते सांगा. आणि दर ६ वरून ४ वर आला तर तो ‘२ टक्क्यांनी’ घटला नाही, २ टक्केबिंदूंनी घटला; ६ चे ४ होणं म्हणजे एक तृतीयांश घट.

जुलै २०२४ ची बातमी मी एवढीच दिली असती: ‘भाव वर्षभरात ३.५४ टक्के वाढले, जूनपेक्षा १.४ टक्के.’