कारखाना स्थलांतर व कामगार साहाय्य

कारखाना स्वस्त मजुरीच्या मुलखात हलवला गेल्यावर मागे उरलेल्या कामगारांना सरकारकडून मिळणारा भत्ता, प्रशिक्षण व इतर मदत. अमेरिकेत यासाठी १९६२ पासून स्वतंत्र योजना होती. भारतात नाही. इथे कारखाना परदेशी जावो, शेजारच्या राज्यात जावो की जागच्या जागी मोडीत निघो, कामगाराला मिळायचे ते एकाच हिशेबाने मिळते. सातारा-सांगलीकडे बोलण्यातही तोच शब्द येतो: ‘कंपनीनं हिशेब दिला’ म्हणजे नोकरी संपली.

अमेरिकेतील योजना

केनेडी सरकारच्या १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात या मदतीची तरतूद झाली. आयातशुल्क उतरवल्याचा लाभ साऱ्या देशाला होतो, झळ मात्र मोजक्या गावांना बसते, तेव्हा त्या गावांचे देणे सरकारने फेडावे, असा त्यामागचा विचार होता. विचार उदार असला तरी अटी इतक्या आवळलेल्या होत्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ च्या कायद्याने त्या सैल केल्या. मेक्सिको व कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार झाल्यावर त्या देशांत हललेल्या उत्पादनासाठी वेगळी शाखा निघाली, २००२ मध्ये ती मूळ योजनेत मिसळली आणि २००९ मध्ये सेवाक्षेत्रातले कर्मचारीही त्यात आले.

योजनेचा गाभा एका प्रश्नात होता: काम का गेले? तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. संघटना, मालक किंवा राज्याचे रोजगार कार्यालयही करू शके. मग केंद्राच्या कामगार खात्याचे तपासनीस कंपनीकडून माहिती मागवत. उत्पादन कुठल्या देशात नेले, गिऱ्हाइकांनी बाहेरचा माल घ्यायला सुरुवात केली का, हे पाहिले जाई. नुकसान परदेशी व्यापारामुळे झाले असे ठरले की कारखान्याच्या त्या विभागातले सगळे कामगार मदतीला पात्र ठरत. प्रशिक्षणाचा खर्च मिळे. बेकारी विमा संपल्यावर प्रशिक्षण चालू असेपर्यंत साप्ताहिक भत्ता मिळे, आणि विमा धरून ही मुदत १३० आठवड्यांपर्यंत जाऊ शके. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नवी नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातली निम्मी तफावत सरकार भरून देई. त्याची मर्यादा दोन वर्षांत १०,००० डॉलर होती. या वयातल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवण्यापेक्षा ही तरतूद कितीतरी शहाणपणाची होती.

तिथल्या कामगार पुढाऱ्यांनी या मदतीला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणून हिणवले. कारखाना वाचत नाही, फक्त तेराव्याची सोय होते, असा त्याचा अर्थ. पुढे मुदतवाढ न मिळाल्याने १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करणेच थांबले. युरोपीय संघाचा याच धर्तीचा निधी २००७ पासून चालू असून, २०२१ च्या नियमांनुसार साधारणपणे एका वेळी २०० कामगारांचे काम गेले की तो वापरता येतो.

मुंबईच्या गिरण्या आणि घाटावरचे कामगार

सातारा-सांगलीच्या माणसाला कारखाना हलण्याचा पहिला मोठा दणका गावात नव्हे, मुंबईत बसला. माण, खटाव, पाटण, जावळीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात कापडगिरण्यांच्या खात्यावर कामाला होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कापड परदेशी गेले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. त्या मागांचा खडखडाट सांगली जिल्ह्यातल्या विट्यातही आहे. म्हणजे साताऱ्याच्या माणसाचे गेलेले काम काही अंशी शेजारच्याच तालुक्यात, कमी मजुरीवर आणि बिनहजेरीपटाचे होऊन आले.

भारतात अमेरिकी योजनेच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद याच काळातली आहे. १९८६ मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी काढला. कायमच्या बंद झालेल्या खासगी गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम त्यातून मिळे. खोच ‘कायमच्या बंद’ या शब्दांत होती. गिरणी कागदोपत्री चालू आणि संपानंतर आपल्याला मात्र आत घेतलेले नाही, अशा कामगाराला हा निधी नव्हता. महाराष्ट्र सरकारने पुढे गिरण्यांच्या जमिनीवर घरे बांधून सोडतीने देण्याचा मार्ग काढला. पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, संप सुरू झाल्यावर तीस वर्षांनी. तोवर अर्जावर मुलाचे किंवा विधवेचे नाव असणे ही नेहमीची गोष्ट झाली होती.

कायद्याने मिळणारी भरपाई

या दोन जिल्ह्यांतली कारखानदारी जुनी आहे. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कराडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना प्रभाकर कंदिलासाठी घरोघरी माहीत होता. तो बंद पडला, गावाला नाव ठेवून गेला. आता सातारा, तासवडे, लोणंद, शिरवळ, कुपवाड, मिरज, पलूस इथल्या औद्योगिक वसाहतींत यंत्रभाग, ओतकाम, कापड, औषधे यांचे कारखाने आहेत.

यांतला एखादा बंद झाला तर कामगाराचा आधार म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ आणि आता त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता, २०२०. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. काम तात्पुरते थांबले, ज्याला गेटवर ‘लेऑफ’ म्हणतात, तर पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात निम्मा मूळ पगार व निम्मा महागाई भत्ता मिळतो. कायमची कपात झाली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. त्यासाठी वर्षात २४० दिवस भरलेले असावे लागतात. कामगार वस्तीत हा आकडा लहान पोरांनाही पाठ असतो, आणि दोनशे तीसाव्या दिवसाच्या आसपास ‘ब्रेक’, म्हणजे २४० भरू नयेत म्हणून मधेच कामावरून थांबवणे, का मिळतो तेही ठाऊक असते. शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला पूर्वी सरकारची परवानगी लागे. संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. या पट्ट्यातले बहुतेक कारखाने त्याखाली येतात.

भारतीय कायदा काम का गेले हे विचारतच नाही असे नाही. एका ठिकाणी विचारतो. मालकाच्या ताब्याबाहेरच्या अटळ कारणाने कारखाना बंद झाला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित होते. केवळ पैशाची अडचण हे असे कारण मानले जात नाही, एवढा दिलासा आहे. अमेरिकेत कारण सिद्ध झाले की मदत वाढे. इथे सिद्ध झाले की घटते.

भरपाईखेरीज उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी असते. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. २६,००० रुपये पगार आणि वीस वर्षे सेवा असेल तर तीन लाख होतात. ही देणगी नव्हे, आधीच कमावलेली रक्कम आहे. हिशेबाच्या कागदावर ती भरपाईच्या ओळीत घालून एकूण आकडा मोठा दाखवला जातो. सही करण्याआधी दोन्ही रकमा वेगळ्या लिहून मागाव्यात.

साखर कारखान्यांचे गणित वेगळे आहे. हंगामी उद्योगाला लेऑफची भरपाई लागू नाही. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंतच्या पट्टीत हंगाम संपला की हंगामी कामगार घरी बसतो आणि वेतनकराराप्रमाणे ठरलेला रिटेन्शन भत्ता घेतो. त्याला कोणी बेकार म्हणत नाही.

बदलीचा कागद

सांगलीपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. ‘तिकडे वीज स्वस्त, आम्ही चाललो’ हा उद्योजकांचा इशारा या भागात नवा नाही. सगळेच जात नाहीत. पण जाणाऱ्याने इथला कारखाना बंद केल्याचे जाहीर केले तर भरपाई द्यावी लागते, म्हणून काही जण कामगाराला नव्या जागेवर बदलीचा हुकूम देतात. नेमणूकपत्रात ‘भारतात कुठेही’ हे शब्द बहुधा असतातच. शेती, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा सोडून तिकडे जाणे बहुतेकांना जमत नाही. मग गैरहजेरी धरून, नोकरी त्यानेच सोडली असा कागद तयार होतो आणि कामगार न्यायालयात वर्षे जातात. बदली नावाची पण मुळात कपात असलेली ही चाल हेरायची तर कारण तपासणारी यंत्रणाच हवी, आणि नेमकी तीच इथे नाही.

विमा आणि त्याच्या भिंती

राज्य कामगार विमा महामंडळाकडे, म्हणजे रोजच्या भाषेत ‘ईएसआय’कडे, बेकारी भत्त्याच्या दोन योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना (२००५) कारखाना बंद पडलेल्या किंवा कपात झालेल्या विमाधारकासाठी आहे. पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के आणि त्या काळात दवाखाना चालू. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना (२०१८) आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांची आहे. तिचा दर आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के होता, २०२० मध्ये तो ५० टक्के केला गेला. पण ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. वीस-पंचवीस वर्षे काढलेला कायम कामगार कधीच त्या वर गेलेला असतो. ज्याला नवी नोकरी मिळणे सर्वांत अवघड, नेमका तोच बाहेर राहतो.

नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस त्यात भरायचे आणि ४५ दिवसांत ती रक्कम कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. पंधरा दिवसांच्या पगारात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे यंत्र चालवायला शिकता येईल का, हे कुपवाडच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये विचारून पाहावे. शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावरचा कामगार मुदत भरून बाहेर पडला तर ती कपातच नसते, त्यामुळे निधीही नाही.

‘काम द्या, नाहीतर भत्ता द्या’ हे तत्त्व मात्र याच मातीतले आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झाला. त्याचाच राज्याचा कायदा १९७७ चा. तिथे मागेल त्याला अंगमेहनतीचे काम मिळते. कारखान्यातून बाहेर पडलेला फिटर किंवा मोल्डर त्या कामावर गेला, तर त्याला पाझर तलावाच्या मातीची खोदाई मिळते.